हँडब्रेक ओढलेला असताना बारा किलोमीटर गेलात. पण उजवं चाक गार का राहिलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी शिकून सहा महिने झालेत. लहान पेट्रोल गाडी, हाताने गियर बदलायची, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. हँडब्रेक पूर्ण खाली गेलाच नव्हता, दोन-तीन खाचा वर राहिला होता आणि तशीच गाडी साधारण 12 किलोमीटर चालवली. जळका वास आला म्हणून थांबून पाहिलं तर मागच्या डाव्या चाकातून बारीक धूर येत होता, उजवं मात्र नेहमीसारखं. अर्धा तास थांबून, हँडब्रेक सोडून घरी आलात. आता ब्रेक 'ठीक वाटतोय'. काय खराब झालं असेल, गॅरेजला न्यावीच लागेल का आणि इंजिन-गियरबॉक्सला काही झालं का, असे तीन प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे तो डोक्यातून जाईल. इंजिनाला काही झालेलं नाही, गियरबॉक्सलाही नाही. निघताना थोडी जास्त रेस देऊन क्लच अर्धा धरून ठेवला असेल तर क्लचप्लेटला तेवढी झळ लागली असेल, पण एका दिवसाच्या चुकीने क्लच जात नाही. ब्रेक मात्र 'ठीक वाटतोय' एवढ्यावर सोडू नका. डावा ड्रम उघडून बघितल्याशिवाय गाडी रोजच्या वापरात घेऊ नका, आणि डावा उघडाल तेव्हा उजवाही उघडायला लावा. कारण तुम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांपेक्षा न विचारलेला चौथा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: उजवं चाक गार का राहिलं? त्याकडे येतोच.

शरमेचं म्हणाल तर सोडून द्या. ब्रेकचं काम करायला लागून मला पंचवीस वर्षं झाली. पहिल्याच वर्षी ट्रायलला नेलेली गाडी मी स्वतः हँडब्रेक वर असताना तीन किलोमीटर फिरवून आणली होती आणि उस्तादांना सांगितलं होतं, "पिकअप नाही, कार्बोरेटर खोलावा लागेल." उस्तादांनी दारातून आत हात घातला, लिव्हर खाली केला आणि काही न बोलता किल्ली परत माझ्या हातात ठेवली.

आता मुद्द्याचं. ब्रेक लागलेला असताना गाडी अडली कशी नाही?

हँडब्रेकचं काम उभ्या गाडीला उभं ठेवणं, चालत्या इंजिनाशी कुस्ती खेळणं नव्हे. अनेक देशांत पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या 13-एच या नियमात अपेक्षा अशी आहे की भरलेली गाडी 20 टक्के चढावर किंवा उतारावर हँडब्रेकने जागेवर राहिली पाहिजे, आणि त्यासाठी हाताने 400 न्यूटनपेक्षा (म्हणजे साधारण 40 किलो वजन उचलण्याएवढ्या जोरापेक्षा) जास्त जोर लावावा लागता कामा नये. 20 टक्के म्हणजे 100 मीटर आडव्या अंतरात 20 मीटर उंची, चांगलाच उभा रस्ता. माणसांसकट दीड टनाची गाडी अशा उतारावर धरायला सुमारे 2,900 न्यूटन लागतात. उलट बाजूला, लहान पेट्रोल इंजिन पहिल्या गियरमध्ये पूर्ण जोर लावतं तेव्हा चाकांवर साडेचार हजार न्यूटनच्या घरात ओढ तयार होते. म्हणजे अगदी नीट ओढलेल्या, चांगल्या हँडब्रेकलाही पहिला गियर हरवू शकतो. तुमचा तर दोन-तीन खाचांवरच होता.

त्या दोन-तीन खाचांचा त्रास किती, हेही आकड्यांत बघा. सपाट रस्त्यावर ताशी 40 च्या वेगाने लहान गाडी चालती ठेवायला सगळा मिळून 200 न्यूटनच्या आसपास जोर लागतो. समजा, तुमच्या डाव्या ब्रेकने आणखी 200 न्यूटन खाल्ले. म्हणजे काम दुप्पट झालं, पण इंजिनाकडे एवढी शिल्लक असते की ते ताकास तूर लागू देत नाही. पाय नकळत थोडा जास्त दाबला जातो, एवढंच. रोज एकाच गाडीवर बसणाऱ्याला 'आज गाडी जड चालतेय' हे कळतं, सहा महिन्यांच्या ड्रायव्हरला कळणं अवघड. ऑटोमॅटिक गाडीत तर मुरलेल्यांनाही कळत नाही, कारण तिथे क्लच सोडताना इंजिन दबल्याची ती सूचना मिळतच नाही.

इंजिनाला न जाणवलेले हे 200 न्यूटन ब्रेकला मात्र पुरेपूर जाणवतात. ताशी 40 ला 200 न्यूटन म्हणजे सव्वादोन किलोवॅट उष्णता. हजार वॅटच्या दोन इस्त्र्या ड्रमच्या आत चालू करून ठेवल्या आणि अठरा मिनिटं तशाच विसरल्या, असं समजा. दुसऱ्या बाजूने बघायचं तर 1,200 किलोची गाडी ताशी 60 वरून एकदा थांबवली की चारही ब्रेक मिळून सुमारे 167 किलोज्यूल ऊर्जा गिळतात. त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांचा, मागच्या एका चाकाच्या वाट्याला साधारण 20. तुमच्या डाव्या चाकाने त्या 12 किलोमीटरमध्ये 2,400 किलोज्यूल गिळले. म्हणजे ताशी 60 वरून 120 वेळा थांबल्यासारखं, दर शंभर मीटरला एकदा. 200 न्यूटन हा माझा अंदाज आहे. खरा आकडा दीडशे असो की तीनशे, ड्रम दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे जायला तेवढं पुरतं.

म्हणून 'किती किलोमीटर गेलो' यावर मी फारसं काही ठरवत नाही. एखादा अर्धा किलोमीटर जातो, त्याचं काहीही बिघडत नाही. दुसरा तेवढंच अंतर लांब चढावर किंवा जोरात जातो आणि ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे थर, पांढरे करून आणतो. वास आला का, धूर निघाला का, पेडल खाली गेलं का, हे विचारावं. तुमच्याकडे वास आणि धूर दोन्ही आहेत.

एक उलटी गंमतही सांगून ठेवतो. हँडब्रेक इतका घट्ट असला की मागची चाकं फिरलीच नाहीत आणि पुढच्या चाकांनी गाडी तशीच फरफटत नेली, तर ब्रेक गारच राहतो. घासण्याचं काम टायर आणि रस्ता यांच्यात होतं, आणि टायरला एका जागी सपाट चट्टा पडतो. मग ठरावीक वेगाला धडधड ऐकू येते आणि लोक अलाइनमेंट-बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात. तुमच्याकडे धूर ड्रममधून आला, म्हणजे चाक फिरत होतं. टायरवर एकदा हात फिरवून बघा, पण ती काळजी कमी आहे.

ड्रमच्या आत काय होतं ते जवळून दाखवतो, म्हणजे गॅरेजमध्ये उभं राहून तुम्हालाही बघता येईल.

ड्रम म्हणजे बिडाचा उपडा डबा. आत अर्धगोल दोन शू, त्यांच्यावर चिकटवलेले लायनर. पेडल दाबलं की वरच्या व्हील सिलिंडरमधल्या तेलाच्या दाबाने शू बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. हँडब्रेक हेच शू फाकवतो, फक्त तेलाऐवजी केबल आणि एका लहान पट्टीच्या लिव्हरने. थोडक्यात, ओढणारा हात वेगळा, घासणारे शू तेच. त्यामुळे हँडब्रेकने भाजलेला ब्रेक हा तुमचा पायाचा ब्रेकसुद्धा असतो.

ड्रम उतरला की आधी लायनर बघा. चांगला लायनर करडा-काळपट आणि मंद दिसतो, हाताला किंचित खरखरीत लागतो. भाजलेला काचेसारखा चकाकतो, कडा राखेसारख्या पांढुरक्या पडतात, आडव्या बारीक भेगा दिसतात आणि नखाने कड खरवडली तर भुकटी निघते. लायनरमध्ये सगळं मिश्रण रेझिनने बांधलेलं असतं. तुम्हाला आलेला उग्र वास ते रेझिन जळल्याचा. नुसती वरची चकाकी असेल तर काही कारागीर पॉलिशपेपरने घासून परत बसवतात. धूर निघालेल्या लायनरवर मी हा प्रयोग करत नाही. एका गाडीत मी ड्रम काढला तेव्हा लायनरची अख्खी पट्टी शूपासून सुटून आत आडवी पडलेली होती, शूवर फक्त जळक्या चिकटद्रव्याचा तपकिरी डाग. मालकाचं म्हणणं होतं, "आठवड्यापूर्वी जरा वास आला होता, मग गेला." ती पट्टी चालत्या गाडीत शू आणि ड्रमच्या मध्ये पाचरीसारखी अडकली असती तर ते एक चाक जागच्या जागी जाम झालं असतं. शू दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, एकाच बाजूचे नाहीत. नाहीतर एक बाजू जास्त धरते.

मग ड्रम. आतल्या पृष्ठभागावर निळे-जांभळे चट्टे दिसले तर तिथलं तापमान तीनशे अंशांच्या आसपास पोचलं होतं असं धरा. नुसता हलका निळेपणा असेल, भेगा नसतील, तर ड्रम चालतो. केसासारख्या भेगा कडेपर्यंत गेल्या असतील तर ड्रम बाद. भाजलेला ड्रम किंचित लंबगोलही होतो, आणि मग हळू वेगात ब्रेक लावताना पेडल पायाखाली लयीत धडधडतं. लेथवर थोडा घासून तो गोल करता येतो, पण ड्रम कमाल किती व्यासापर्यंत चालतो ते त्याच्यावरच मिलिमीटरमध्ये उठवलेलं असतं. त्यापुढे गेला की नवा.

शू परत ओढणाऱ्या स्प्रिंगकडे सहसा कोणी बघत नाही. वेढे एकमेकांना चिकटलेले हवेत. मध्ये फट दिसली तर स्प्रिंग उष्णतेने सैल पडलीय, आणि सैल स्प्रिंग म्हणजे उद्या परत चिकटणारा ब्रेक. किरकोळ किमतीची वस्तू, बदलून टाका. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट हलकेच उचलून बघायला सांगा. आत ओल दिसली तर आतलं रबर गेलं. बऱ्याच लहान गाड्यांत मागचं बेअरिंग ड्रममध्येच बसवलेलं असतं, त्यामुळे त्यातल्या ग्रीसलाही भाजणी मिळते. ग्रीस पातळ होऊन बाहेर ओघळलं असेल, काळं पडून जळका वास मारत असेल, किंवा चाक फिरवताना घरघर येत असेल तर बेअरिंगही बदलायच्या यादीत.

एक सूचना. ड्रमची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्यायची.

आता ब्रेक ऑइल. 'हँडब्रेक केबलवर चालतो, मग तेलाचा काय संबंध?' असं तुमच्या घरच्यांनी म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. संबंध उष्णतेचा. व्हील सिलिंडर त्याच तापलेल्या शूंना टेकून बसलेला असतो. डॉट 3 प्रतीचं तेल नवं असताना किमान 205 अंशांना उकळतं, डॉट 4 किमान 230 ला. पण हे तेल हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलेल्या तेलासाठी मानकातला किमान आकडा डॉट 3 ला 140 आणि डॉट 4 ला 155 एवढाच उरतो. दोन वर्षांनी तेल बदला असं गाड्यांच्या पुस्तिका सांगतात ते यासाठी. तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं.

यातली फसवी गोष्ट अशी की हे बऱ्याचदा गाडी चालू असताना होत नाही, थांबल्यावर होतं. चालताना वारा लागत असतो. थांबलात की वारा बंद, आणि ड्रममधली उष्णता सावकाश सिलिंडरमध्ये उतरते. गाडी थांबवताना ठणठणीत असलेला ब्रेक पाच-दहा मिनिटांनी परत निघताना हवेत गेलेला असतो. तुम्ही अर्धा तास थांबलात ते चांगलं केलंत. निघण्यापूर्वी जागेवर पेडल दाबून बघितलं का ते लिहिलेलं नाही. पुढे कधी वेळ आली तर ते बघितल्याशिवाय हलू नका. थंड झाल्यावर वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल परत घट्ट वाटतं, त्यामुळे आजच्या घट्ट पेडलवरून काही सिद्ध होत नाही. शू बदलताना तेलही बदलून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या.

चालताना लक्षात आलं तर काय करायचं, हेही याच ओघात. लिव्हर पूर्ण खाली करा. धूर नसेल, पेडल घट्ट असेल, तर लगेच थांबण्यापेक्षा ब्रेक कमीत कमी वापरत दोन-तीन किलोमीटर सावकाश जाणं बरं. वाऱ्याने चाक निवतं. धूर असेल किंवा पेडल खाली जात असेल तर मात्र सपाट, मोकळ्या जागी थांबा, सगळ्यांना उतरवा, गाडी गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. हँडब्रेक ओढू नका. चाकावर पाणी ओतू नका. तापलेल्या बिडाला तडा जातो. चाकाच्या अगदी समोर वाकून बघत बसू नका. तापलेला टायर फुटू शकतो. ज्वाळा दिसली तर अग्निशामक सिलिंडर लांबून वापरा आणि मदत बोलवा.

ओढू नका का, त्याचं कारण मला आवडतं म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. तापलेला ड्रम फुगलेला असतो. त्या स्थितीत शू त्याला दाबून बसवले आणि ड्रम निवून आकसला, की तो शूंना आवळतो. सकाळी चाक फिरत नाही. मागे डिस्क, म्हणजे ड्रमऐवजी दोन पॅडमध्ये पकडली जाणारी चकती, असलेल्या गाडीत नेमकं उलट होतं. तापलेली डिस्क जाड झालेली असते, पॅड तिला धरतात, आणि ती निवून पातळ झाली की पकड सैल होते. लांब घाट उतरून, उतारावर फक्त हँडब्रेकवर उभी केलेली गाडी वीस मिनिटांनी आपोआप घरंगळते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. दोन्ही प्रकारांत उपाय एकच: गियर आणि दगड.

आता उजवं चाक. लिव्हरच्या खाली एकच केबल किंवा दांडी निघते आणि पुढे एका डोलत्या पट्टीवर दोन केबलींत वाटली जाते. पट्टी डोलती अशासाठी की दोन्ही बाजूंना सारखी ओढ जावी. त्यामुळे दोन्ही चाकं जवळपास सारखी तापायला हवी होती. एक धुमसतंय आणि दुसरं गार आहे, याचा अर्थ उजव्या बाजूचा हँडब्रेक काम करतच नव्हता. तोही त्या दिवसापासून नव्हे, बहुधा बऱ्याच आधीपासून. तुमची गाडी आजवर उतारावर एका चाकावर उभी राहत होती.

कारणं मला तीन दिसतात. पहिलं, उजवी केबल आवरणाच्या आत गंजून अडकलीय. इकडून ओढलं तरी तिकडे पोचत नाही. गाडीच्या खालून, चाकाजवळ, आवरण फाटलेलं असतं तिथून पाणी शिरतं. दुसरं, उजव्या शूंचा ॲडजस्टर जाम आहे. लायनर झिजतात तसा तो आपोआप अंतर भरून काढतो. जाम झाला की शू आणि ड्रममधली फट वाढत जाते आणि दोन-तीन खाचांत शू ड्रमपर्यंत पोचतच नाहीत. तिसरं आणि सगळ्यांत वाईट, उजवा व्हील सिलिंडर गळतोय आणि लायनर तेलाने माखलाय. तेलकट लायनर घासतो, पण धरत नाही, त्यामुळे तापतही नाही. हे असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढते आणि ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, खाली, ओला पट्टा दिसतो का ते आजच बघा. दिसला तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, माणूस घरी बोलवा.

इथे गॅरेजमध्ये हमखास होणारी एक चूक सांगतो. तुम्ही म्हणणार, 'हँडब्रेक नीट धरत नाही.' कारागीर लिव्हरखालचा नट आवळून देणार. लिव्हर लगेच घट्ट लागतो, सगळे खूश. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. केबल ताणलेली राहिली की शूंचा लहान लिव्हर आपल्या मूळ जागी परत जात नाही, आणि बऱ्याच गाड्यांत त्यामुळे ॲडजस्टरचं काम थांबतं. मग लायनर झिजत जातात, फट वाढते, पायाचं पेडल खोल जाऊ लागतं, आणि शिवाय हँडब्रेक खाली असतानाही शू किंचित घासत राहतात. म्हणजे तुम्ही एकदा चुकून केलंत ते गाडी रोज करणार. योग्य क्रम असा: केबल पूर्ण सैल सोडायची, आतले शू आधी ॲडजस्ट करायचे, पेडल चार-पाच वेळा दाबून शू मधोमध बसवायचे, आणि सगळ्यांत शेवटी केबल. किती खाचांवर चाक धरलं पाहिजे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. साधारण चार ते आठच्या मधलं काही तरी असतं.

काम झाल्यावर गाडी तिथेच मागून जॅकवर उचलून घ्या, पुढच्या चाकांना दगड लावून. लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं हाताने गरगर फिरली पाहिजेत. लायनरचा बारीक सरसर आवाज चालेल. मग एकेक खाच ओढत दोन्ही चाकं फिरवून बघा. दोन्ही सारखीच जड होत गेली पाहिजेत आणि जवळपास एकाच खाचेवर थांबली पाहिजेत. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि ती करायला कुरकुर करणारा कारागीर तुमच्या कामाचा नाही.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला होता की नाही, तुम्हाला आठवत नाही म्हणता. बहुधा लागलेला होता. पहिल्या खाचेलाच तो लागतो. दिवसाच्या उजेडात आणि स्टीअरिंगच्या आड दिसत नाही. आठ-दहा किलोमीटरचा वेग आला की बझर वाजणाऱ्या गाड्या आहेत, पण तुमची तशी दिसत नाही. मात्र त्या दिव्यावर एका मर्यादेपलीकडे विसंबू नका. तो फक्त लिव्हरची जागा सांगतो, चाकाजवळ ब्रेक सुटलाय की नाही ते त्याला कळत नाही. केबल गंजून अडकली असेल तर लिव्हर खाली, दिवा बंद, आणि चाक तरीही धरलेलं. उलट, लिव्हर खाली असूनही दिवा विझत नसेल तर ब्रेक ऑइलची पातळी बघा. बहुतेक गाड्यांत दोन्हीला तोच दिवा असतो.

म्हणून एक सवय सांगतो, फुकटची. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी वीसला गाडी न्यूट्रल करून बघा. ती सावकाश, लांबवर घरंगळत गेली पाहिजे. कोणी मागून धरल्यासारखी थांबली तर कुठला तरी ब्रेक चिकटलाय. पोचल्यावर हाताची मागची बाजू चारही चाकांच्या जवळ धरा, टेकवू नका. साध्या चालवण्यात पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असतात. मागचं एखादं पुढच्यांपेक्षा गरम लागलं, किंवा डाव्या-उजव्यात ठळक फरक जाणवला, तर दिवा काय म्हणतो ते सोडा आणि ड्रम उघडा.

हे वाचणाऱ्या, बटणाचा हँडब्रेक असलेल्या मंडळींसाठी दोन वाक्यं: तुमच्या गाडीत ही चूक होणं अवघड आहे, कारण पट्टा लावून, दार बंद करून, गियर टाकून ॲक्सिलरेटर दिला की बहुतेक गाड्यांत मोटर ब्रेक स्वतःच सोडते. पण पॅड बदलताना तो सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय पिस्टन मागे ढकलू देऊ नका. मोटरचे गियर तुटतात.

राहता राहिला तुमचा शेवटचा, जाता जाता लिहिलेला प्रश्न: 'मग आता हँडब्रेक लावायचाच नाही का?' ड्रम उघडून होईपर्यंत, म्हणजे पुढचे एक-दोन दिवस, नाही. गाडी सपाट जागी, पहिल्या गियरमध्ये, चाकाला दगड लावून उभी करा. काम झालं की रोज लावा, आणि लावताना पूर्ण लावा. कित्येक जण 'केबल ताणली जाईल' म्हणून कायम एक-दोन खाचांवर ठेवतात. अशा केबली वर्षभर पूर्ण हलतच नाहीत, आवरणात गंजून बसतात, आणि मग एक दिवस दोनपैकी एकच चाक तापतं.